यंदा नवरोज रात्री ८ वाजून १६ मिनिटांनी

पाडवा १९ मार्चला गुरुवारी आणि नवरोज २० ला शुक्रवारी, म्हणजे यंदा आमच्याकडे दोन नवीन वर्षं पाठोपाठ आणि वर मोठीची परीक्षा तोंडावर. नवीन वाचकांसाठी सांगते, नवरा इराणी, म्हणजे झोरास्ट्रियन इराणी, पारशांच्याच धर्माचा, त्याचे पणजोबा इराणातल्या यझ्दकडून मुंबईत आले आणि चहाच्या हॉटेलात कामाला लागले, आणि मी नौपाड्यातली. राहतो घोडबंदर रोडला, मुलं दोन, मोठी दुसरीत आणि धाकटा अजून प्लेग्रुपमध्ये.

दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अगं तुमचं नवीन वर्ष ऑगस्टमध्ये असतं ना? ते पारशांचं शहेनशाही कॅलेंडर, त्यात लीप वर्षाचा जादा दिवस धरतच नाहीत, म्हणून ते सरकत सरकत ऑगस्टात जाऊन पोचलं. मार्चमधला नवरोज सूर्याला बांधलेला आहे, सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या मिनिटाला वर्ष बदलतं, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. २०२४ ला सकाळी ८:३६ ला आला होता, २०२५ ला दुपारी २:३१ ला, आणि यंदा रात्री ८:१६ ला. वर्ष ३६५ दिवस आणि जवळजवळ सहा तासांचं असतं ना, ते वरचे सहा तास दरवर्षी पुढे सरकतात आणि लीप वर्ष आलं की एक दिवस मागे खेचला जातो. मला विचाराल तर लहान मुलांच्या घरात या सणाची सगळ्यात भारी गोष्ट हीच, कारण मुलांना "आज सण आहे" याचं फारसं काही नसतं पण "८:१६ ला काहीतरी होणार आहे" म्हटलं की ती दुपारपासून घड्याळाला चिकटतात. पुढच्या वर्षी तर रात्री दोनच्या जरा आधी आहे, रविवार उजाडताना, आणि मोठीने आत्तापासूनच जागं राहायची परवानगी मागून ठेवलीय.

तयारी खरं तर गव्हापासून सुरू होते. ताटलीत गहू उगवायचे, त्याला सब्झे म्हणतात. इराणात तेव्हा थंडी असते म्हणून दोन आठवडे आधी भिजत घालतात, ठाण्याच्या मार्चमध्ये एवढे दिवस ठेवलं तर गवत पिवळं पडून मान टाकतं किंवा खाली बुरशी धरते. हे काम आम्ही माझ्या आईकडे दिलंय कारण घटाचं धान्य उगवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. आठवडाभर आधी गहू भिजवायचे, मोड आले की ओल्या फडक्याखाली ताटलीत पसरायचे, आणि पाणी ओतायचं नाही, नुसतं हाताने शिंपडायचं. धाकट्याला शिंपडण्याची ड्यूटी दिली होती, अर्धं पाणी भिंतीवर गेलं पण गहू आले, चांगले हाताएवढे.

साफसफाईला फारसी लोक खाने-तकानी म्हणतात, पाडव्याच्या आधी आपण करतो तीच, त्यामुळे एका कामात दोन सण उरकतात याचा मला मनापासून आनंद आहे.

मंगळवारी १७ ला संध्याकाळी मोठा ड्रामा झाला. वर्षातल्या शेवटच्या बुधवारच्या आदल्या रात्री इराणात रस्त्यात शेकोट्या पेटवून त्यावरून उड्या मारतात, चहारशंबे सूरी, "माझा पिवळेपणा तुला, तुझी लाली मला" असं आगीला म्हणत. मोठीने कुठल्यातरी व्हिडिओत ते पाहिलं आणि सोसायटीच्या मागे करूया म्हणून हट्ट धरला. सासूबाईंनी, म्हणजे मुलांच्या बपईने, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आतशवरून उडी? पाय कोणाला दाखवतेस डिकरा?" विषय संपला. झोरास्ट्रियन घरात अग्नी पवित्र, त्याला ओलांडायचं नाही, फुंकर मारून विझवायचंसुद्धा नाही, त्यामुळे आमच्याकडे बर्थडे केकवर मेणबत्त्या नसतात हे मुलांच्या मित्रांना अजून पटलेलं नाही.

मग टेबल. इंटरनेटवर दिसतं ते हफ्त-सीन, 'स' ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, सब्झे, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सेर्के म्हणजे व्हिनेगर, सुमाक, सेंजेद नावाचं सुकं फळ आणि समनू नावाचा गव्हाच्या अंकुरांचा गोड लगदा, जो तासनतास ढवळत बसावं लागतं म्हणून आमच्याकडे कोणी करत नाही. मम्मी, म्हणजे सासूबाई, म्हणतात आमच्या घरी सात कधी मोजलेच नव्हते, आरसा, दिवा, पाणी, गहू, अंडी, नाणी, मिठाई आणि झरथुष्ट्राचा फोटो, झालं. पण मोठीला सातच हवे होते. सेंजेद ठाण्यात मला कुठे मिळालं नाही म्हणून तिने साखर आणि सुपारी आणून ठेवली, मम्मींनी चष्म्यावरून बघितलं आणि सुपारी राहू दिली. गुढी उतरवल्यावर तिचा तांब्या घासून पाण्यासाठी तिथेच ठेवला, तेवढी माझ्याकडची भर. गोल्डफिश आणायला मी चक्क नाही म्हणाले, वाडग्यातला मासा आठवडा काढत नाही आणि नंतर मुलांना समजवायचं कोणी, त्याऐवजी पाण्यात संत्रं सोडतात तीही जुनीच पद्धत आहे, अवकाशात तरंगणारी पृथ्वी म्हणून.

अंडी मुलांनी रंगवली, कांद्याच्या सालींत उकडून लालसर, हळदीत पिवळी, आणि एक बीटाचं, जे राखाडी झालं.

आता ८:१६. गोष्ट अशी सांगतात की पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर असते आणि वर्ष बदलताना तो ती या शिंगावरून त्या शिंगावर टाकतो, म्हणून आरशावर ठेवलेलं अंडं त्या क्षणी हलतं. तर आठ वाजल्यापासून दोघं नाक टेबलाला टेकवून अंड्याकडे बघत बसलेली, श्वास रोखून. घोडबंदर रोडवरून एक कंटेनर गेला, अंडं ८:१२ लाच हललं. धाकटा किंचाळला, मोठी म्हणाली हा बैल नाही हा ट्रक आहे, अजून चार मिनिटं आहेत. आणि ८:१६ ला खरंच हललं, आता नवऱ्याने टेबलाला गुडघा लावला का ते मी विचारलेलं नाही.

मग मम्मींनी चांदीच्या गुलाबदाणीने सगळ्यांच्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं, आरसा समोर धरला, स्वतःचं तोंड बघायचं आणि हसायचं, नोवरोज पिरूज. ईदी म्हणून कोऱ्या नोटा. शेजारची पोरं दोनदा दोनदा रांगेत आली. जेवायला सब्झी पोलो आणि सुरमई. पोलोत कोथिंबीर, कांद्याची पात, मेथी आणि भरपूर शेपू, आणि शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी माझी मुलगी तो भात दोन वाट्या खाते, यावर आई जरा दुखावलेली आहे.

दुसऱ्या दिवशी नवरा मुलांना घेऊन टेंभी नाक्याच्या अग्यारीत गेला. मी बाहेर. बाप झोरास्ट्रियन असला की मुलं आत, आई बिगरपारशी तर ती बाहेर, आणि उलट असेल, म्हणजे आई पारशी आणि बाप बाहेरचा, तर मुलंही बाहेर, ही रेघ मुंबई हायकोर्टाच्या १९०८ च्या निकालापासून चालत आलीय. मला माझ्यापेक्षा त्या दुसऱ्या मुलांचं जास्त खटकतं. मोठीने विचारलं तू का नाही येत, मी जे आहे ते सांगितलं, तिला ते अन्यायाचं वाटलं आणि वाटू दे.

तेराव्या दिवशी, २१ मार्चपासून मोजून २ एप्रिलला, घराबाहेर पडायचं असतं, सीझदे बेदर, पिकनिक करायची आणि सब्झे वाहत्या पाण्यात सोडायचे. येऊरचे ओढे एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडे आणि उपवनचं पाणी वाहत नाही, शिवाय तलावात काही टाकायचं नाही हे आम्हीच मुलांना शिकवलंय. त्यामुळे संध्याकाळी उपवनला बाकावर बसून कुकू सब्झी, म्हणजे हिरव्या पाल्याचं जाड आम्लेट, आणि पाव खाल्ला आणि गहू सोसायटीच्या झाडाखाली ठेवले. त्याआधी पात्यांना गाठ मारून इच्छा मागतात. इराणात मुली लग्नासाठी मागायच्या, मोठीने गिअरवाली सायकल मागितली, मोठ्याने, बाबाकडे बघत. धाकट्याला पात्याला गाठ जमेना, त्याने माझ्या ओढणीला मारली, चांगली तीनपदरी.