'स्प्रिंग डे' आणि ओमेलास

आज अर्सुला ले ग्विन यांची ओमेलासची कथा (१९७३) वाचली आणि लगेच बीटीएस या कोरियन पॉप (के-पॉप) बँडचं 'स्प्रिंग डे' हे गाणं पुन्हा लावलं. २०१७ च्या त्या व्हिडिओत लॉजवर 'ओमेलास' अशी पाटी आहे ना, ती इथून आलीये! कथेत अख्ख्या शहराचं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलावर उभं असतं. सगळ्यांना ते माहीत असतं. काही जणांना मात्र ते सोसवत नाही, ते शहर सोडून जातात.

वाचताना दक्षिण कोरियात बुडालेली सेवोल बोट आठवत राहिली. २०१४, ३०४ जीव, त्यात बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. अनेक चाहते हे गाणं त्या मुलांशी जोडतात आणि आज मलाही ते तसंच ऐकू आलं. फार रडले.

के-पॉप म्हणजे नुसता नाच असं वाटणाऱ्यांनो, आधी कथा वाचा, मग गाणं ऐका. आणि मला नक्की सांगा.