एका रात्रीत?

“एका रात्रीत स्टार झाला बघ हा!” डबा खाताना बॅड बनी या गायकाचं गाणं लागलं आणि शेजारचा मित्र सहज म्हणून गेला. दिवसभर ते वाक्य टोचतंय.

त्याचं गाव कॅरिबियन बेटावरच्या पोर्तो रिकोतलं वेगा बाहा. वडील ट्रक चालवायचे, आई शिक्षिका. बेनितो (बॅड बनीचं खरं नाव) लहानपणी चर्चमध्ये गायचा. पुढे कॉलेज करता करता सुपरमार्केटात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरायचा आणि आपली गाणी साउंडक्लाउड या गाण्यांच्या साइटवर टाकायचा. २०१६ मध्ये त्यातलं एक गाणं एका डीजेच्या कानावर पडलं, तेव्हाही हा पिशव्याच भरत होता!

मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. जगभर नाव झालं, तरी गाणी स्पॅनिशमध्येच. २०२० पासून सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकला गेला तो हाच. २०२५ मध्ये पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला, कार्यक्रमांची मालिका केली, तर पहिले नऊ फक्त पोर्तो रिकोत राहणाऱ्यांसाठी. पहिली पंगत गावकऱ्यांची. किती आवडलं मला हे!

आपल्याकडे बिलाच्या काउंटरशी पिशव्या भरणाऱ्या पोराला कोणी कधी विचारतं का, “घरी गेल्यावर काय करतोस रे?”