तुम्ही विचारलंत म्हणून: लिगामेंटवर साधा स्ट्रेन गेज का चालत नाही?

ठाणे-नवी मुंबईतले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या वेळी हमखास विचारतात: गुडघ्याच्या लिगामेंटचा (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचा) स्ट्रेन, म्हणजे तो मूळ लांबीच्या किती टक्के ताणला गेला ते, मोजायला फॉइलचा गेज (ताणली की रेझिस्टन्स बदलणारी धातूची पातळ पट्टी) चिकटवला तर काय बिघडलं? द्रवधातू भरलेली सिलिकॉनची नळी कशाला?

फॉइल लिगामेंटपेक्षा कितीतरी ताठ. ओल्या, मऊ ऊतींवर तो धड चिकटत नाही, आणि चिकटलाच तर खालचा भाग ताणूच देत नाही. सिलिकॉनची बारीक नळी मात्र लिगामेंटला फारसं अडवत नाही. कल्पना जुनीच आहे: 1953 मध्ये व्हिटनी यांनी पारा भरलेल्या रबरी नळीने हातापायांच्या घेरातले बदल मोजले होते. आज पारा नकोच. वजनाने 75.5 टक्के गॅलियम आणि 24.5 टक्के इंडियम घ्या. हे मिश्रण साधारण 15.5 अंशांच्या वर द्रव असतं. नुसतं गॅलियम 29.8 अंशांना वितळतं, म्हणजे ठाण्याच्या मे महिन्यात पातळ आणि एसी लावला की घट्ट व्हायच्या बेतात.

आतला व्यास 0.3 मिमी आणि लांबी 30 मिमी धरली तर रेझिस्टन्स येतो फक्त 0.125 ओहम. नळी ताणल्यावर आतल्या धातूचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून रेझिस्टन्स लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 5 टक्के स्ट्रेनला वाढ 10.25 टक्के, म्हणजे जेमतेम 13 मिलिओहम. मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स याहून जास्त असतो! त्यामुळे चार वायरी हव्यात: दोनमधून 50 मिलिअँपिअर स्थिर करंट, उरलेल्या दोनवर व्होल्टेज. करंटची दिशा उलटसुलट करून सरासरी काढा, म्हणजे वायरींच्या जोडांवरच्या तापमानफरकाने येणारं व्होल्टेज वजा होतं.

धातू बारीक सुईने, सावकाश भरा, दुसरं टोक उघडं ठेवून. बुडबुडा राहिला तर ताणताना रीडिंग उड्या मारतं. ॲल्युमिनियम जवळपासही नको. गॅलियम त्यात शिरून त्याचा भुगा करतं. सोल्डरही गॅलियममध्ये विरघळतं. टोकांना स्टेनलेस स्टीलच्या पिना घाला आणि सिलिकॉनने बंद करा.

तापमानाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. एका अंशाला रेझिस्टन्स सुमारे 0.1 टक्का बदलतो, म्हणजे 10 अंशांना अर्धा टक्का खोटा स्ट्रेन. जिवंत माणसाच्या एसीएलमध्ये (गुडघ्याच्या आतल्या, पुढच्या तिरप्या लिगामेंटमध्ये) उठाबशा काढतानाचा स्ट्रेनच 4 टक्क्यांच्या आसपास असतो; त्यातला आठवा हिस्सा असा जातो. तशीच एक न ताणलेली नळी शेजारी ठेवा आणि तिचा बदल वजा करा.

पण माझ्या मते खरा कस शून्य ठरवण्यात लागतो. सरावाला मटणवाल्याकडून बकऱ्याचा गुडघा आणा, सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये ठेवा आणि बाजूच्या लिगामेंटवर नळीची दोन्ही टोकं टाक्यांनी बांधा. नळी थोडी ताणूनच बांधायची, नाहीतर ती झोळ खाते आणि सुरुवातीचा स्ट्रेन दिसतच नाही. मूळ लांबी म्हणजे दोन टाक्यांमधलं अंतर, पण लिगामेंट ढिलं असताना मोजलेलं नव्हे. हाड हळूहळू ओढत बल आणि लांबीचा आलेख काढा. ढिलेपणा संपून बल चढू लागतं तिथे शून्य. हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो.

एसीएलवर आणखी एक गोष्ट तपासा. गुडघा पूर्ण सरळ होताना मांडीच्या हाडाची खाच नळीला दाबते, छेद लहान होतो आणि स्ट्रेन नसताना रीडिंग वाढतं. बोथट सळईने नळी हलकेच दाबून किती फरक पडतो ते आधी नोंदवा. तेवढाच फरक त्या कोनांना दिसला तर ती रीडिंग वगळा.