एक रुपयाएवढं लोखंड

मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून लोखंड असतं किती, तर 3 ते 4 ग्रॅम. म्हणजे खिशातल्या एक रुपयाच्या नाण्याच्या वजनाइतकं, बस्स. त्यातलं साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, ऑक्सिजन वाहायच्या कामावर, आणि उरलेलं बरंचसं साठ्यात. एवढ्याशा ऐवजावर आपण जिने चढतो, लोकल पकडतो, वर भांडायलाही दम शिल्लक असतो.

पण शरीर या बाबतीत इतकं चिकट आहे ना की विचारू नका. मोकळं लोखंड एक मिनिट कुठे फिरू देत नाही, कारण एक तर ते सुटं राहिलं की पेशींची नासधूस करतं आणि दुसरं म्हणजे जंतूंनाही तेच हवं असतं. म्हणून रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन असतं, ते एका वेळी लोखंडाचे फक्त दोन अणू धरून नेतं, आणि गंमत म्हणजे एरवी त्याच्या दोन तृतीयांश जागा रिकाम्याच असतात. मला आधी वाटलं ही उधळपट्टी झाली, पण नाही, कुठे चुकून सुटं सापडलं तर उचलायला हात मोकळे नकोत का!

साठवणीचं काम फेरिटिनचं. 1937 साली व्हिलेम लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने ते घोड्याच्या प्लीहेतून वेगळं काढलं. आतून पोकळ असा प्रोटीनचा गोळा, एकेकात साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात.

आता खरा हिशोब बघा. नवीन रक्त बनवायला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोखंड लागतं आणि जेवणातून अंगी लागतं जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. मग बाकीचं? सगळं जुनंच. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हाताऱ्या झाल्या की प्लीहा-यकृतातल्या पेशी त्यांना गिळतात आणि लोखंड काढून परत कामाला लावतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पलंगाच्या कोपऱ्याला नडगी आपटून घ्या (म्हणजे मुद्दाम नको, आपटतेच). आधी काळंनिळं, मग हिरवट, मग पिवळं, हे सगळे रंग हिमोग्लोबिन मोडताना होतात, लोखंड तेवढं काढून घेतलं जातं, आणि कधीकधी शेवटी जो तपकिरी डाग रेंगाळतो ना, तो साठवून ठेवलेल्या लोखंडाचाच.

बाहेर टाकायची सोय मात्र शरीराने केलेलीच नाही. त्वचा आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यांच्याबरोबर जाईल तेवढं, आणि बायकांचं पाळीतून. त्यामुळे सगळी राखण आत घ्यायच्या दारावर. यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, ते वाढलं की आतड्यातून लोखंड रक्तात यायचं दार बंद. ताप, इन्फेक्शन आलं की हेच वाढतं आणि साठाही कुलूपबंद होतो, जंतूंना मिळू नये म्हणून. म्हणून आजारपणात फेरिटिनचा रिपोर्ट भरपूर दिसला तरी लगेच खुश व्हायचं नसतं.

उलटही आहेच. कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. म्हणजे रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन बारा आणि फेरिटिन तळाला, बाई मात्र दमलेली, केस गळतायत, आणि घरचे म्हणतात तुला काही झालेलं नाही. याचा मला भयंकर राग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका अ‍ॅनिमिक आहेत, साठा संपत आलेल्या त्यात धरल्या तर काय होईल!

बाकी पोह्यांवर लिंबू पिळा, त्याने लोखंड अंगी लागतं, आणि लगेच वर चहा ढोसू नका, त्याने अडतं. लोखंडी कढईत चिंच घालून आमटी केली की ती काळपट होते, ते कढईचं लोखंड उतरलेलं असतं, पोटात गेलं तर चांगलंच. फक्त आमटी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव जाते.

आणि हो, गोळी. आयर्नची गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून हल्ली काही डॉक्टर दिवसाआड देतात. आमच्या मावशीला अशीच लिहून दिली तर बाहेर येऊन म्हणते, गोळ्या अर्ध्या दिल्या मेल्याने, फी मात्र पूर्ण घेतली.