मूनस्टोनच्या पाठीला काय द्यायचं?

पेंडंटसाठी घेतलेला मूनस्टोनचा खडा घुमटासारखा होता, तळ सपाट, आणि इतका आरपार की छापील कागदावर ठेवला तर खालच्या ओळी धूसर दिसायच्या. म्हणजे चांदीत बसवल्यावर मागे जे असेल ते पुढून दिसणारच. म्हणून बेझलची, म्हणजे खड्याला कडेने धरून ठेवणाऱ्या चांदीच्या घेराची, पट्टी कापायच्या आधी मी खडा वेगवेगळ्या पाठींवर ठेवून पाहिला.

पांढऱ्या कागदावर तो नुसता दुधाळ. शिंपल्याच्या चकतीवर सुंदर, पण त्यात शिंपलाच जास्त दिसत होता. चकचकीत चांदीवर उजळला, मात्र ज्यासाठी घेतला ती निळी झाक गायब! काळ्या कागदावर ठेवला आणि निळा पट्टा लगेच वर आला. ही झाक खड्यातल्या अतिपातळ थरांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाची, मुळातच मंद. मागून परतणारा उजेड तिला झाकून टाकतो, काळी पाठ तो शोषून घेते. गडद लाल गार्नेटच्या खड्याला उलट चकाकणारी पाठ लागते, नाहीतर तो कोळशासारखा दिसतो.

पन्नीचा, म्हणजे खड्याखाली घालायच्या चकचकीत पातळ पत्र्याचाही विचार केला. सोळाव्या शतकात इटलीतल्या चेलिनीसारखे सोनार खड्यांखाली रंगीत पन्न्या घालत. पण ओल शिरली की पन्नी काळवंडते, आणि हे रोज वापरायचं पेंडंट होतं. 92.5 टक्क्यांची चांदीही कालांतराने काळी पडतेच. मग आपणच आधी काळी केलेली काय वाईट?

डाग देऊन (म्हणजे सांधे जोडून), अॅसिडमध्ये साफ करून, सोड्याच्या पाण्यात धुतल्यावर बेझलच्या तळाला लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे चांदी काळी करणारं गंधकाचं रसायन लावलं. हे खडा बसवण्याआधीच करायचं. नंतर बुडवलं तर द्रावण खड्याखाली शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. धुऊन रात्रभर वाळू दिलं. बाहेरच्या कडांवर आलेला काळेपणा तेवढा बारीक पॉलिश पेपरने काढला.

खडा बसतो का ते पाहताना खालून दात साफ करायचा दोरा आडवा टाकला. दोन्ही टोकं ओढली की घट्ट बसलेला खडाही अलगद वर येतो. मग दोरा काढून खडा ठेवला आणि ओपणीने, म्हणजे कडा दाबायच्या गुळगुळीत हत्याराने, कडा समोरासमोर थोड्या थोड्या दाबत आणल्या. मूनस्टोनची कठीणता मोह्सच्या 1 ते 10 च्या मापावर 6 ते 6.5, त्यामुळे पोलादी ओपणी घसरली तर चरा पडण्याची भीती असते. म्हणून शेवटचे दाब फार सावकाश दिले.

आता पेंडंट फक्त मऊ कापडाने पुसते. अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या यंत्रात, घालणार नाही.