१ जानेवारीची यादी

सीमेवर ताण वाढला की नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पहिले त्यांचा अणुप्रकल्पच उडवा ना भाऊ!" तसं करणार नाही, असं भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांना केव्हाच लिहून दिलेलं आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादेत सह्या झाल्या, २७ जानेवारी १९९१ ला करार लागू झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी समोरच्याच्या हाती देतात. कारगिल झालं, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा महिनोन्‌महिने समोरासमोर उभ्या राहिल्या, बालाकोट झालं; यादी चुकली नाही.

करारात काय काय येतं? वीजनिर्मितीच्या आणि संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधन तयार करणारे कारखाने, युरेनियम समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया, किरणोत्सारी पदार्थांचे मोठे साठे. कळवायचे ते अक्षांश-रेखांश. याद्या जाहीर होत नाहीत, त्यामुळे आकडे किती बारकाईने दिले जातात ते बाहेरच्याला दिसत नाही. पण बारकाईने फरक किती पडतो, ते विधान भवनाजवळच्या झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहून मोजता येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट १.८५ किलोमीटर, एक सेकंद ३१ मीटर. रेखांशाचा अंश नागपुरात १०४ किलोमीटरच भरतो. आकडा मिनिटावर थांबला, तर जागा झिरो माइलला आहे की पार सदरकडे, हे सांगता येणार नाही.

यादी खरी आहे का, हे तपासायची सोय करारात नाही. मात्र हल्ल्याची मनाई 'यादीतल्या' प्रकल्पांपुरती नाही, समोरच्या देशातल्या कोणत्याही अणुप्रकल्पाला ती लागू आहे. म्हणजे लपवलेल्या प्रकल्पालाही कागदावर संरक्षण आहेच. फक्त तो फोडल्यावर "आम्हाला ठाऊकच नव्हतं" म्हणायला वाट राहते. दुसरी फट अधिक धोक्याची. मनाई आहे ती नुकसान करण्याच्या हेतूने केलेल्या कृतीला. शेजारच्या विमानतळावर टाकलेला बॉम्ब भरकटला तर काय, यावर करार गप्प आहे.

तरीही हा छोटासा कागद मला मोठमोठ्या करारांपेक्षा कामाचा वाटतो, कारण त्याच्याशिवाय हाताशी फारसं काही उरत नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात दोन्ही देश नाहीत. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेला १९७७ चा पहिला पूरक करार अणुवीज केंद्रांवरच्या हल्ल्याला बंदी घालतो, पण अपवाद ठेवून. संशोधन अणुभट्ट्या त्यात येत नाहीत, आणि त्यालाही हे दोघे बांधील नाहीत. मग राहते ती संयुक्त राष्ट्रांची सनद: कलम २(४) बळाचा वापर नाकारतं, कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क देतं. सगळी ओढाताण त्या 'झाल्यावर'ची. ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली आणि त्याला स्वसंरक्षण म्हटलं. सुरक्षा परिषदेने १९ जूनला ठराव ४८७ एकमताने मंजूर करून निषेध केला. निर्बंध मात्र लावले नाहीत. भट्टी गेली ती गेली.

याच धाटणीचा दुसरा कागद ३ ऑक्टोबर २००५ चा. जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीसारख्या मार्गाने खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची असेल तर पाच दिवसांची मुदत ठरवायची आणि ती सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी कळवायचं. डागण्याची जागा सीमेपासून आणि नियंत्रण रेषेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची ७० च्या आत नको. आकडे चोख आहेत, शब्द तोकडा पडला. ९ मार्च २०२२ ला देखभालीच्या वेळी आपल्याकडून चुकून सुटलेलं क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण ते क्रूझ जातीचं, म्हणजे विमानासारखं इंजिनावर उडत जाणारं होतं आणि २००५ चा करार फक्त बॅलिस्टिकचा आहे.