नव्या प्लेट घातलेली एलएसडी घेऊन स्पा आणि नॉर्डश्लाइफ

मार्ग साधा होता. आधी बेल्जियममधला स्पा-फ्रँकोरशाँ, मग सांक्ट फित, प्रुम, केलबर्ग करत जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला. दोन ट्रॅकमध्ये रस्त्याचं अंतर सुमारे १०० किलोमीटर. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, ४० टक्के लॉकची क्लच-प्लेट एलएसडी असलेली, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल: मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा, पण एकच चाक मोकळं फिरू न देणारा संच. त्या डिफरेन्शियलची पुनर्बांधणी नुकतीच झालेली. अशीच गाडी घेऊन जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच की क्रम उलटा करू नका. स्पाचा फेरा ७.००४ किलोमीटरचा आहे, काही खटकलं तर दोन-तीन मिनिटांत पिटमध्ये येता येतं. नॉर्डश्लाइफ, म्हणजे न्युर्बुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, २०.८३२ किलोमीटरचा आहे. तिथे मध्येच ऑइल सील गेलं तर तेल ट्रॅकवर सांडतं, मागून येणारी गाडी त्यावर घसरू शकते, आणि गाडी ओढून नेण्याचा व ट्रॅक बंद राहिल्याचा खर्च तुमच्या माथी येतो. नवीन बांधलेल्या युनिटची परीक्षा स्पालाच व्हायला हवी.

निघण्याआधी एक आकडा वहीत लिहून घ्यायचा, तो म्हणजे ब्रेकअवे टॉर्क, एक चाक जमिनीवर रोखून दुसरं फिरवायला लागणारा जोर. पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला ओट (सरकू नये म्हणून अडकण) लावा, दुसरं मागचं चाक उचला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या बाजूच्या हबवर बोल्टने पट्टी बसवून मधोमध टॉर्क रेंच लावा. हब नटवर सॉकेट लावून मोजायचं असेल तर घट्ट करण्याच्या दिशेनेच फिरवा. ब्रेक पॅड आधी मागे ढकला, नाहीतर त्यांचं घर्षण मापात मिसळतं. सुरुवातीचा झटका धरू नका. चाक सावकाश, सलग फिरत असताना काटा जिथे स्थिरावतो तेच खरं माप. तेलाचं तापमान दर वेळी साधारण सारखं असावं. आमच्या युनिटचं माप उघडण्याआधी १५ न्यूटन-मीटर होतं, बांधल्यावर ८०. हे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नका. कारखान्याच्या पुस्तकातला आकडा आणि आपल्या वहीतला आधीचा आकडा, तुलना या दोघांशीच.

इथे बहुतेकांची गल्लत होते. ब्रेकअवे म्हणजे फक्त प्रीलोड, बेलेव्हिल वॉशरने (बशीच्या आकाराच्या स्प्रिंगने) प्लेटवर कायम ठेवलेला दाब. ४० टक्के लॉकचा अर्थ वेगळा आहे: दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक एकूण टॉर्कच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे जास्तीत जास्त ७०-३० अशी वाटणी. हा लॉक प्रेशर रिंगच्या (प्लेट दाबणाऱ्या कड्याच्या) रॅम्पवर, म्हणजे उतरत्या खाचेवर, क्रॉस पिन (आतल्या गिअरचा आडवा दांडा) चढल्याने आणि घर्षण पृष्ठांच्या संख्येने ठरतो. तरीही प्रीलोड मोजायचा, कारण प्लेट झिजल्याची खबर सर्वांत आधी तोच देतो. हिशोब सोपा आहे. आठ प्लेट प्रत्येकी ०.०५ मिलिमीटर झिजल्या की थर ०.४ मिलिमीटरने कमी होतो. बेलेव्हिल वॉशर दबण्याची एकूण जागाच जेमतेम तेवढी असते. म्हणून प्रीलोड बराच काळ बरा दिसतो आणि मग एकाच मोसमात संपतो.

पुनर्बांधणीतल्या ज्या गोष्टी प्रवासात नडतात तेवढ्याच सांगतो. काढण्याआधी क्राऊन व्हीलचा (डिफरेन्शियल फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचा) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने तीन-चार जागी मोजून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूचे शिम आणि बेअरिंग कप बाजूप्रमाणे बांधून ठेवा. केसच्या (प्लेटभोवतीच्या पोलादी कवचाच्या) दोन्ही भागांवर खूण करा. केस प्रेसखाली धरूनच उघडा, आत वॉशरचा ताण असतो. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून फोटो काढा, कारण बाहेरच्या आणि आतल्या दातांच्या प्लेट एकाआड एक बसल्या नाहीत तर घर्षण पृष्ठं कमी होतात आणि नव्या प्लेट घालूनही लॉक घटतो. प्रत्येक प्लेट मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा, काचेवर ठेवून फीलर गेजने सपाटपणा बघा. मॉलिब्डेनमचा थर उडून खालचं चकचकीत पोलाद दिसत असेल किंवा निळे डाग असतील तर ती प्लेट बाद.

प्लेटपेक्षा जास्त वेळ रॅम्पवर घालवा. प्लेट झिजल्या की क्रॉस पिन आणि रॅम्पमध्ये मोकळी जागा तयार होते, आणि थ्रॉटल सोडणं-दाबणं यात पिन रॅम्पवर हातोड्यासारखी आपटते. तिथे खळगा पडतो. नव्या प्लेट घातल्या तरी पिन त्या खळग्यात अडकते, लॉक आधी येतच नाही आणि मग झटक्याने येतो. हलका ओरखडा ऑइलस्टोनने काढता येतो. नखाला जाणवेल असा खळगा असेल तर प्रेशर रिंग बदलाच. केसच्या आतल्या खाचांनाही हेच लागू आहे. प्लेटचे दात बसतात तिथे पायऱ्या पडल्या असतील तर प्लेट सरकायची तिथे अडकते, आणि असं युनिट मोजताना छान माप देतं, ट्रॅकवर मात्र भरवसा देत नाही.

बांधताना नव्या प्लेट ज्या तेलात चालणार त्याच तेलात रात्रभर बुडवून ठेवा. थराची उंची डेप्थ मायक्रोमीटरने मोजून ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यात जाडी निवडा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. क्राऊन व्हीलचे बोल्ट नवीन, थ्रेडलॉक लावून, आडव्या-समोरासमोरच्या क्रमाने. बेअरिंग तापवून बसवायची असतील तर ११० अंशांच्या वर नेऊ नका. बॅकलॅश आधीच्या मापावर आणून मार्किंग पेस्टने दातांचा ठसा बघितल्याशिवाय झाकण लावू नका.

आता तेल. जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-१४०, उत्पादकाने सांगितलं असेल ते. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच तेलात असलेल्या गाड्यांत सिंक्रोनायझरलाही (गिअर जुळवणाऱ्या कड्यांनाही) चालणारंच तेल हवं, हे विसरू नका. फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटचं घर्षण मऊ करणारं मिश्रण, एकदम पूर्ण बाटली ओतू नका. हळू वळताना मागून कटकट आली तर ३० मिलिलिटर घाला, फिरवून बघा, मग पुढचे ३०. जास्त झालं की कटकट थांबते, पण प्लेटची पकडही जाते.

हमरस्त्याने शेकडो किलोमीटर येऊन प्लेट बसल्या असं समजू नका. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सारखीच फिरतात, प्लेट एकमेकींवर घासतच नाहीत. मोकळ्या खाजगी पटांगणात हळू वेगाने आठच्या आकड्यात १०-१५ मिनिटं फिरवावं लागतं, मध्ये गार होऊ द्यावं लागतं. ते उरकूनच निघा.

स्पाला पहिली दोन सत्रं मध्यम वेगात काढली. ला सूर्स ही एलएसडी तपासायची उत्तम जागा आहे: घट्ट उजवं वळण, खालचा गिअर आणि बाहेर पडताना लांब थ्रॉटल. झिजलेल्या युनिटमध्ये इथे आतलं चाक मोकळं फिरतं, आरपीएम वाढतं, गाडी पुढे सरकत नाही. एबीएसच्या चाकवेगाची नोंद घेता येत असेल तर घ्याच. २० मीटर त्रिज्येच्या वळणात, डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर असलेल्या गाडीचं बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ७.८ टक्के जास्त वेगाने फिरायला हवं. थ्रॉटलवर आतलं चाक बाहेरच्याला गाठून पुढे गेलं तर लॉक अपुरा. दुसरी जागा केमेल स्ट्रेटच्या शेवटी, ले कोंबच्या आधीचं जोरदार ब्रेकिंग. थ्रॉटल सोडल्यावरचा लॉक गेला असेल तर शेपूट डावी-उजवी हलते, आणि लोक उगाच व्हील अलाइनमेंट बदलत बसतात. बस स्टॉप नावाच्या वळणाच्या कर्बवर (कडेच्या उंचवट्यावर) चाक उचललं जातं, तिथे क्लच-प्लेट आणि टॉर्सन (फक्त गिअरवर चालणारी एलएसडी) यांतला फरक कळतो: टॉर्सनमध्ये झिजायला प्लेट नसतात, पण चाक हवेत गेलं की ती जवळजवळ उघड्या डिफरेन्शियलसारखी वागते.

पाऊस आला तर घाबरू नका, पण प्रीलोड जास्त ठेवलेला असेल तर वळणात शिरताना नाक बाहेर पळेल. आर्डेनमध्ये अर्धा ट्रॅक कोरडा आणि अर्धा ओला असणं नेहमीचं आहे. आवाजाची मर्यादा ट्रॅक-डेप्रमाणे (ट्रॅक खासगी गाड्यांना खुला असतो त्या दिवसाप्रमाणे) बदलते, आयोजकांकडून आधीच लेखी घ्या.

स्पा संपल्यावर पुन्हा मोजलं: ६५ न्यूटन-मीटर. नव्या प्लेट बसताना एवढी घट अपेक्षितच आहे. याच टप्प्यावर तेल बदलायचं, घरी परतल्यावर नाही, कारण पहिल्या तेलात प्लेटचा सगळा चुरा असतो. जर्मनीत लिफ्ट भाड्याने देणारी वर्कशॉप असतात, त्यांना मीटवेर्कश्टाट म्हणतात. वेळ आधी ठरवा. तेल विकणाऱ्या दुकानाने तेवढंच वापरलेलं तेल परत घेणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, गिअर ऑइलसुद्धा, म्हणून पावती जपा. चुंबकी ड्रेन प्लगवर राखाडी, लोण्यासारखा लेप चालतो. बोटांत टोचणारे कण किंवा चपटे तुकडे दिसले तर नॉर्डश्लाइफ रद्द करा. सोबत ठेवायचं सामान: दोन वेळचं तेल, प्लगचे नवे वॉशर, दोन्ही बाजूंची फ्लँज सील, ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट, टॉर्क रेंच आणि ती हबची पट्टी, तापमानाचे स्टिकर, तेल शोषणारी चादर.

न्युर्बुर्गरिंगच्या टुरिस्ट सत्रात (कोणीही आपली गाडी नेऊ शकतो त्या वेळेत) रस्त्याचेच वाहतूक नियम लागू असतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला मनाई. फेरी संपताना ड्यॉटिंगर ह्योहवर वेग उतरवून बाहेर पडावं लागतं, ते एलएसडीच्या पथ्यावर पडतं: पार्किंगमध्ये थांबून हाउसिंगवरचं स्टिकर आणि सीलभोवतीचा ओलावा बघता येतो. तेल १२० अंशांपर्यंत ठीक. १३०च्या वर जात असेल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये पूर्ण गार होऊ द्या, आणि पुढच्या मोसमाआधी ऑइल कूलर बसवा. सर्वांत जास्त तापतं ते बेर्गवेर्कनंतर, केसेलखेनमधून कारुसेलपर्यंतच्या चढावर.

थ्रॉटलवरचा लॉक बघायला एक्स-म्युलेचा चढ आणि बेर्गवेर्कमधून बाहेर पडणं, ब्रेकिंगचा लॉक बघायला श्वेडनक्रॉइत्सनंतरचं आरेमबर्ग. कारुसेलच्या काँक्रीटवर चाकं सांध्यांवरून उडतात, तिथे थ्रॉटल सलग आणि हलका ठेवा. भारित प्लेटला झटके देऊन नव्या रॅम्पवर पुन्हा खळगे पाडण्यात अर्थ नाही. बाहेर पडून चाकं डांबरावर स्थिरावली की मग पूर्ण थ्रॉटल.

परतीआधीचं माप ६४ आलं. ६५ वरून ६४ म्हणजे प्लेट बसल्या. हा आकडा पुढच्या मोसमाचा पाया. तो निम्म्यावर आला की युनिट उघडायचं. शून्याची वाट बघितली तर प्लेटच्या जोडीला प्रेशर रिंग आणि केसही घ्यावी लागते.